बाटलीचं सूत



भिवंडीच्या मागांवर विणलं जाणारं पॉलिएस्टर आणि कल्याण स्टेशनवर तुम्ही घेतलेली पाण्याची बाटली, दोन्ही एकाच पदार्थाची. पेट हे त्याचं नाव. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात 1 हा आकडा असतो, ती त्याची खूण. म्हणून तर बाटली वितळवून धागा काढता येतो. 2015च्या विश्वचषकात आपल्या क्रिकेट संघाची जर्सी अशाच धाग्याची होती.

कारखान्याच्या आधीचं काम कचरावेचक बायांचं. पारदर्शक, हिरवी, तेलाची अशी निवड त्या नजरेनंच करतात. रंगीत बाटलीतून पांढरा धागा निघत नाही, म्हणून पारदर्शक बाटलीला भंगारात भाव जास्त.

कारखान्यात बाटल्यांचे तुकडे होतात. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात लेबलाचा गोंद सुटतो. मग येते पाण्याची टाकी. हे घरी बादलीत करून पाहा: झाकणाचा तुकडा तरंगतो, बाटलीचा बुडतो. झाकणाचं प्लास्टिक वेगळं, पाण्यापेक्षा हलकं. इतक्या साध्या गोष्टीवर हा उद्योग चालतो, याचं मला फार कौतुक वाटतं. पीव्हीसीचं वेष्टन मात्र बाटलीबरोबरच बुडतं आणि पुढे सुमारे 260 अंशांच्या उष्णतेत करपून मालात काळे ठिपके पाडतं. तुकडे खडखडीत वाळवावेही लागतात, नाहीतर धागा कच्चा निघतो.

पण बाटली कारखान्यापर्यंत पोचायला आधी ती कचऱ्यातून वेगळी निघायला हवी. कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीच्या डोंगरावर वर्षानुवर्षं ओला-सुका कचरा एकत्रच पडला. उष्ट्याखरकट्यानं माखलेल्या बाटलीला भाव कोण देणार? 2020पासून कल्याण-डोंबिवली महापालिकेनं वर्गीकरणाचा आग्रह धरला, 2021मध्ये आधारवाडीवर कचरा टाकणं थांबलं. माझ्या मते, कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा बाटलीच्या दृष्टीनं हे मोठं काम झालं.

धाग्याचं कापड झालं, त्यात सूत मिसळलं, की पेट परत वेगळं काढणं कठीण. त्यापेक्षा बाटलीची बाटलीच व्हावी हे उत्तम. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी असं प्लास्टिक वापरायला आपल्या देशात 2022मध्ये वाट मोकळी झाली. त्यासाठी माल स्वच्छ हवा. तेव्हा रिकाम्या बाटलीत फिनेल, रॉकेल भरून ठेवू नका. प्लास्टिक ते शोषून घेतं आणि मग धुऊनही वास जात नाही. पाणी संपलं की बाटली चेपा, झाकण लावा आणि सुक्या कचऱ्यात द्या. झाकण पुढे टाकीत आपोआप वेगळं होतं.