परमिट कोणाच्या सहीचं?

(वसंत व्याख्यानमाला, भिलाई : पुष्प तिसरे)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचं कोणी ना कोणी कारखान्यात आहे किंवा होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. यंत्राला हात लावायचा तर आधी शटडाऊन घ्यावं लागतं. लाइन बंद करून देणारा वेगळा, दुरुस्ती करणारा वेगळा. ज्याला कामाची घाई, त्याच्याच हाती परवानगी ठेवायची नाही, हे इथल्या खलाशालाही पाठ असतं.

आता फोन चोरून ऐकण्याचा कायदा पाहा. तार कायदा १८८५चा. ‘सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता’ असेल तरच संदेश अडवावा, असं तो म्हणत होता. पण कसा अडवावा, याचे नियम सरकारने केलेच नव्हते. शेवटी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले: गृहसचिवांचा लेखी हुकूम, दोन महिन्यांची मुदत, फार तर सहा महिने, आणि वर आढावा समिती. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ने संगणक आणि इंटरनेटही या कक्षेत आणले. २०२३चा दूरसंचार कायदा आला, तरी सांगाडा तोच राहिला.

या आढावा समितीत केंद्रात कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. हुकूम सचिवांचा, तपासणीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही. डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात लिहिलं की, आढावा समितीपुढे दर बैठकीला १५ ते १८ हजार हुकूम येतात. आठ तास चहालाही न उठता बसले, तरी एका हुकुमाच्या वाट्याला पुरते दोन सेकंद येत नाहीत!

ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले. त्या माणसावर खटला झाला, म्हणून त्याला कळलं तरी. ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याला कोण सांगणार? त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपने छत्तीसगडमधल्या काही वकील-कार्यकर्त्यांना कळवलं, तुमच्या फोनवर पेगाससचा हल्ला झाला होता. हे हेरयंत्र फोनमधल्या फटीतून शिरतं. अशी फट सरकारसाठी उघडी ठेवली, की तिथूनच तुमच्या बँक खात्यावर टपलेला चोरही येतो.

कोणी म्हणेल, ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ अहो, गेटवर जवानाने डबा उघडायला सांगितला तर आपण मुकाट उघडतो. तो समोर उभा असतो आणि कशासाठी बघतोय, हे आपल्याला ठाऊक असतं. तोच जवान रात्री आपल्या क्वार्टरमध्ये शिरून डबे हुंगू लागला तर?

पोलिसांनी ऐकूच नये, असं मी म्हणत नाही. घातपात रोखायचा तर ऐकावंही लागेल. मागणं दोनच: परमिटवर सही न्यायाधीशाची असावी, आणि काम संपल्यावर ज्याचं ऐकलं, त्याला तसं कळवावं. भट्टीजवळ जो नियम आपण रोज पाळतो, तो दिल्लीला जड का जावा?