आमरसाची बेगमी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला-सत्रामध्ये केलेले भाषण)



वैशाख सरत आला की कोकणातील आपल्या घराघरांत आंब्याच्या अढ्या एकदमच पिकू लागतात. खाणारी मुले मुंबई-पुण्यास, आणि आंबा तर कोणासाठी थांबत नाही. जूनच्या आरंभी पाऊस दाराशी येऊन ठेपतो, आणि वर्षभर जपलेल्या कलमांचे फळ डोळ्यांदेखत वाया जाते. ही हानी टाळण्याचा एक सोपा उपाय आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत. तो म्हणजे आमरस बाटल्यांत भरून ठेवणे.

टिकविण्याची विद्या आपल्या घरांस नवी नाही. लोणच्यात मीठ, साखरांब्यात साखर, आणि आंबापोळीत उन्हाचा ताव, या तिन्हींचे कार्य एकच. पदार्थातील पाणी जंतूंस मिळू द्यावयाचे नाही. बरणीस ओला हात लावू नये, हा आपल्या आजीबाईंचा दंडकही याच तत्त्वाचा. त्यांनी कारण सांगितले नाही, पण कृती अचूक होती. फ्रान्समध्येही असेच घडले. निकोलस ॲपेर याने बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत 1810 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती का साधते, हे पाश्चरच्या संशोधनाने उलगडले ते पुढे अर्धे शतक लोटल्यावर.

परंतु आमरसात साखरांब्याइतकी साखर नसते. म्हणून तेथे केवळ जुना अंदाज चालत नाही. बोट्युलिझम नावाचा प्राणघातक विकार उत्पन्न करणाऱ्या जंतूंची बीजे नुसत्या उकळीने मरत नाहीत, आणि हवाबंद बाटली तर त्यांस मानवते. पुरेशा आंबट पदार्थात मात्र ती वाढू शकत नाहीत. आंबा जसजसा पिकतो, तसतसा त्याचा आंबटपणा उतरतो. यास्तव रसात लिंबू घालणे हा रुचीचा प्रश्न नसून जिवाचा आहे.

आता कृती. नुकताच पिकलेला, न डागळलेला आंबा घ्यावा. अतिपक्व फळ त्याच दिवशी खाऊन संपवावे. एक किलो गाळलेल्या रसास लिंबाचा रस 3 मोठे चमचे व साखर 100 ते 150 ग्रॅम घालावी. साखर कमी केली तरी चालेल, लिंबू कमी करू नये. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळीत रसास उकळी आणावी. बिनकल्हईचे पितळ वापरू नये. पाव लिटरच्या काचेच्या बाटल्या 10 मिनिटे उकळून घ्याव्यात आणि कढत रस त्यांत भरून वर पाव इंच जागा सोडावी. काठ पुसून नवी झाकणे लावावीत. पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बाटल्या मांडाव्यात, झाकणांवर इंचभर पाणी येऊ द्यावे, आणि पाणी उकळू लागल्यापासून समुद्रकाठी 15, तर पुण्यासारख्या उंचावरील गावी 20 मिनिटे ठेवाव्यात. उंचावर पाणी कमी उष्णतेस उकळते, म्हणून हा भेद.

बाटल्या एक दिवस न हलविता निवू द्याव्यात. झाकणाचा मध्य दाबून पाहावा. तो खालीवर होत असेल तर ती बाटली शीतकपाटात ठेवून आधी संपवावी. उरलेल्या अंधाऱ्या फडताळात ठेवून वर्षाच्या आत वापराव्यात. झाकण फुगले, फेस आला वा वास पालटला, तर चव न घेता रस टाकून द्यावा. येथे काटकसर नको.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांतील पुष्कळ विद्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांत आहे, कागदावर नाही. हात थकले की ती जाते. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक घराने आपल्या साखरांब्याचे, आंबापोळीचे माप काटेकोर तोलून लिहून ठेवावे. लेकी-सुनांबरोबर मुलग्यांनीही बाटल्या धुवावयास व रस ढवळावयास बसावे. कृतीबरोबर तिचे कारणही पुढील पिढीच्या हाती दिले, तरच ही बेगमी खरी.