बाळाचा पाळणा आणि बहिणीची शाळा
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणापुढे मानसशास्त्रातील एका संशोधनाची माहिती ठेवणार आहे. विषय पुस्तकी वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या घरातील पाळण्याशी आणि शाळेच्या हजेरीपटाशी आहे.

मेरी एन्सवर्थ या विकासात्मक मानसशास्त्राच्या अभ्यासक. त्यांचा जन्म १९१३ साली अमेरिकेत झाला आणि शिक्षण कॅनडातील टोरांटो विद्यापीठात. १९५० नंतर त्यांनी लंडनमध्ये डॉ. जॉन बोल्बी यांच्यासमवेत काम केले. आईपासून दुरावलेल्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतात, हा बोल्बी यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९५४ साली एन्सवर्थबाई आफ्रिकेतील युगांडात गेल्या आणि कंपाला शहराजवळच्या खेड्यांतील २६ घरांत कित्येक महिने जात राहिल्या. तेथे प्रयोगशाळा नव्हती की यंत्रे नव्हती. घरात बसावे, दुभाष्या बाईमार्फत आईशी बोलावे आणि बाळाकडे लक्ष ठेवावे, एवढेच साधन. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातही त्यांनी २६ कुटुंबांत बाळाच्या पहिल्या वर्षभर असेच निरीक्षण केले.

त्यांना काय आढळले? रडताच उचलले तर मूल लाडावते, असे आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात. बाल्टिमोरमध्ये उलट दिसले. ज्या आया रडण्याला वेळेवर प्रतिसाद देत होत्या, त्यांची बाळे वर्षअखेरीस कमी रडत होती. ज्या बाळाला आपले माणूस हाकेला धावून येईल असा भरवसा असतो, ते रांगत दूर जाते, वस्तू हाताळते, मागे वळून पाहते आणि पुन्हा पुढे जाते. पालकहो, शिकण्याची सुरुवात येथेच होते.

युगांडात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया बाळाच्या बारीकसारीक सवयी बारकाईने सांगू शकत होत्या, त्यांची बाळे बहुधा निर्धास्त होती. शिवाय बाळाची माया केवळ आईपुरती नव्हती. वडील, आजी आणि इतर नातलग यांनाही बाळ बिलगत होते. म्हणून या संशोधनाचा अर्थ ‘आईने घरातच बसावे’ असा कोणी काढू नये. बाळाला रोजचे, ओळखीचे आणि समजून घेणारे माणूस हवे, हा त्याचा अर्थ.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू या. कापसाची वेचणी सुरू झाली की अम्मी शेतात जाते, अब्बा आपल्या कामावर. घरी दादी किंवा नानी असेल तर अल्लाहची मेहरबानी. नसेल तर बाळ कोणाच्या कडेवर येते? पाचवी-सहावीतल्या आपाच्या! हजेरीपटावर तिचे नाव असते आणि बाकावरची जागा रिकामी असते. ती भावाला जीव लावते यात शंका नाही. पण ती स्वतःच लेकरू आहे. बाळाला जाणते माणूस मिळत नाही आणि मुलीची शाळा सुटते. एका घरात दोन मुलांचे नुकसान होते.

यावर तोड काढणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीत राहत होत्या. पुढे १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या आदिवासी भागात त्यांनी काम केले. धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. आपा वर्गात आणि बाळ शेजारच्या पाळण्यात! १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आज गावोगाव अंगणवाड्या आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु तेथे तीन वर्षांपुढील मुले बसतात आणि तीही काही तासच. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाचा प्रश्न शिल्लक राहतोच.

म्हणून पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. वेचणीच्या हंगामापुरती शाळेच्या आवारात एक खोली द्यावी आणि एक अनुभवी, पगारी बाई नेमावी. बाई मात्र रोज बदलू नये. बाळाला चेहरा ओळखीचा लागतो. खर्च होईल, पण ज्या मुलींसाठी ही शाळा काढली, त्याच गैरहजर राहिल्या तर इमारतीचा खर्च तरी कोणत्या कामाचा?

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाला किती टक्के मिळाले हे आपण सांगू शकता. तो कशाला भितो, कोणाशी खेळतो, रात्री काय विचारतो, हेही सांगता आले पाहिजे. त्यासाठी पैसा लागत नाही. इशाच्या नमाजानंतरची पंधरा मिनिटे पुरेत.