गंगेतील सूंस आणि सम्राट अशोकाची आज्ञा

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय डॉल्फिन हा आहे. बुद्ध विहारात डॉल्फिनवर भाषण कशासाठी, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर सम्राट अशोकाने दगडात कोरून ठेवले आहे. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी त्याने पाचवा स्तंभलेख कोरविला. त्यात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव यांच्या बरोबरीने 'गंगापुपुटक' असे एक नाव येते. गंगेतील डॉल्फिन तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. बिहारमधील लौरिया नंदनगढच्या स्तंभावर हा लेख आहे आणि त्याच मुलखातून वाहणाऱ्या गंडक नदीत हा प्राणी आजही राहतो.

गंगाकाठचे लोक त्याला 'सूंस' किंवा 'सूसू' म्हणतात. पाण्यावर येऊन श्वास सोडताना जो आवाज होतो, त्यावरून हे नाव पडले. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डॉल्फिन हा मासा नव्हे. आपल्यासारखाच तो सस्तन प्राणी आहे. त्याला फुप्फुसे आहेत, कल्ले नाहीत. म्हणून साधारण अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्याला दूध पाजते. या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते.

कोकणच्या समुद्रात आपल्यापैकी काहींनी डॉल्फिन पाहिले असतील. त्यांना चांगले दिसते. गंगेतील डॉल्फिन मात्र जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या बारीक डोळ्यांत भिंगच नसते. उजेड आणि अंधार एवढेच त्याला कळते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तरी काय? तो सतत बारीक टिकटिक आवाज काढतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे आहे, काठ कोठे आहे हे ओळखतो. उथळ पाण्यात तो कुशीवर पोहतो आणि एका पराने तळ चाचपत जातो. ज्याला आपण उणीव म्हणतो, तिच्यासह तो लाखो वर्षे नदीत सुखाने जगला.

मग आज त्याच्यावर संकट का? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. १९९१ मध्ये भागलपूरजवळ सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात विक्रमशिला अभयारण्य झाले. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर घोषित करण्यात आले. म्हणजे आज्ञा अशोकाच्या काळीही होती आणि आजही आहे. परंतु नायलॉनच्या बारीक धाग्याचे जाळे त्याच्या प्रतिध्वनीला नीट सापडत नाही. त्यात अडकला की तो वर येऊ शकत नाही आणि पाण्यात राहणारा हा प्राणी पाण्यातच गुदमरून मरतो. फराक्कासारख्या बॅरेजनी नदीचे तुकडे केले; वरचे डॉल्फिन वर आणि खालचे खाली अडकले. उन्हाळ्यात पाणी आटते आणि सांडपाणी तेवढे वाढते. यातील कोणीही हातात भाला घेऊन डॉल्फिनला मारायला निघालेला नसतो.

काही ठिकाणी डॉल्फिनचे तेल मासे पकडण्यासाठी आमिष म्हणून वापरीत. कोळी बांधवांना नुसते रागावून हे थांबले नसते, कारण त्यांच्या घरची चूल त्यावर पेटत होती. पाटणा विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. रवींद्रकुमार सिन्हा यांनी माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेलही आमिष म्हणून चालते, हे प्रयोगाने दाखविले. डॉल्फिनही वाचावा आणि कोळ्याची भाकरीही जाऊ नये, असा हा मार्ग होता. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेनुसार आपल्या नद्यांत सुमारे ६,३२७ डॉल्फिन आहेत. त्यातील तीन पंजाबातील बियास नदीतील सिंधू डॉल्फिन आहेत; बाकी सर्व गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील. ही संख्या दिलासा देणारी आहे, पण निर्धास्त करणारी नाही. चीनमधील यांगत्से नदीतही असाच एक डॉल्फिन होता, 'बैजी'. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सहा आठवडे नदी पालथी घातली. एकही दिसला नाही.

मित्रहो, पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. ते म्हणताना डोळ्यांसमोर सुरी किंवा काठी येते. जाळे, बॅरेज, गटार ही येत नाहीत. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची महती सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता यांचा एकत्र उल्लेख केला, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. करुणेमुळे सूंस वाचावा असे वाटते. तो कशाने मरतो हे प्रज्ञेमुळे कळते. आणि त्याला वाचविण्याचा भार एकट्या गरीब कोळ्यावर टाकू नये, हे समता शिकविते.

विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या गावच्या नदीत कोणकोणते जीव राहतात, त्यातले कोणते पूर्वी होते आणि आता नाहीत, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून काढा. अशोकाने केलेली यादी आजही वाचता येते. आपल्या नदीची यादी आपण करावयाची आहे.