दरायसनं दीक्षा घेतली असती तर



घटकाभर समजा. इराणचा बादशहा दरायस, राज्य इ.स.पू. ५२२ ते ४८६. सिंधूचा मुलूख त्याच्याच टाचेखाली. प्रचलित कालगणना धरली तर त्याच दिवसांत बुद्ध मगध-कोसलात फिरत होता. समजा, एखादा भिक्खू चालत चालत सूसाला पोचला आणि बादशहा म्हणाला, मी शरण आलो. मग?

विद्वान म्हणतील, ग्रीसवर स्वारी झाली नसती, रक्त वाचलं असतं. वाचलं असतं, मान्य. बिहिस्तूनच्या कड्यावर हाच राजा कोरून सांगतो, बंडखोराचं नाक, कान, जीभ कापली, डोळा फोडला. तेवढं थांबलं असतं तरी मोठी गोष्ट.

पण मी गोदीत गोण्या वाहणारा माणूस. मी विचारणार, हमालाचं काय?

पर्सिपोलिसला १९३३ साली दरायसच्या कोठाराचा हिशेब सापडला. मातीच्या हजारो पाट्या. देशोदेशींचे मजूर, कुणाला किती जव, सगळं टिपलेलं. बाळंतिणीला जादा शिधा. मुलगा झाला तर पुरा, मुलगी झाली तर त्याच्या निम्मा. राजानं डोकं भादरलं म्हणून ही पाटी बदलली असती?

अशोकाकडे बघा. त्याचा तेरावा शिलालेख सांगतो, कलिंगात एक लाख मारले, दीड लाख माणसं हलवली. राजाला पश्चात्ताप झाला. खरा असेल. पण त्या दीड लाखांना घरी धाडलं, असं त्या लेखात एक अक्षर नाय. उलट जंगलातल्या लोकांना दम भरलाय.

इराणी साम्राज्याची कारकुनी भाषा अरमाईक. त्या भाषेतला अशोकाचा लेख कंदाहारला १९५८ साली उजेडात आला. म्हंजे धम्म त्या भाषेपर्यंत गेला, पण राजाचा शब्द म्हणून, वरून खाली. वरून आलेलं राजाबरोबर जातं.

संघात न्हावी उपाली होता, झाडूवाला सुनीत होता. नागपूरला १९५६ साली लाखो माणसं उभी राहिली, ती कुठल्या राजाच्या हुकमानं?

तेव्हा इतिहास कल्पायचाच तर राजाचा कशाला? पर्सिपोलिसच्या त्या बाईचा कल्पा. तिनं दीक्षा घेतली असती, तर पोरीच्या बाळंतपणाचा निम्मा शिधा तिनं गुमान पदरात घेतला असता काय?