हिरोशिमाचे धिरडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जपानचे प्रवासवर्णन सांगा, असा मंडळाचा आग्रह होता. तिथली देवळे नि फुले पाहिली खरी. पण मनात राहिले आहे ते एक धिरडे.

मुलाकडे गेले असता त्याने मला हिरोशिमाला नेले. तिथे तव्याच्या कडेलाच बसून खातात. तवा केवढा, तर जेवणाच्या टेबलाएवढा! पदार्थाचे नाव ओकोनोमियाकी. म्हणजे आवडेल ते घालून भाजलेले. ओसाकाकडे सगळे पिठात कालवतात, हिरोशिमाला थर लावतात. दुकानाच्या बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी पातळ पीठ पसरले, वर चिरलेल्या पानकोबीचा डोंगर रचला, कडधान्याचे लांब मोड टाकले. हे आता उलटणार कसे? दोन सराट्यांनी क्षणात उलटले! कोबी आपल्याच वाफेत शिजून खाली बसला. मग त्याखाली शेवया. एरवी अंडे, डुकराचे मांस, मासळीची पूडही असते. पण माझा सोमवार. बाईंनी हसून मिठामिऱ्यावर भागवले. चव चांगली, कोबी मात्र मला जरा कच्चाच वाटला.

युद्धापूर्वी हा मुलांचा एका 'सेन'चा, म्हणजे येनच्या शंभराव्या हिश्श्याचा खाऊ होता. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला. पुढे तांदूळ मिळेना, अमेरिकेचा गहू आला. भात खाणाऱ्यांच्या पदरी पीठ! (१९५६ च्या करारानंतर आपल्याकडेही अमेरिकन गहू आला, तेव्हा झाडीपट्टीतल्या आयांना हाच पेच पडला होता.) नवरे गेलेल्या कितीतरी बायकांनी घराच्या दर्शनी भागात तवा मांडून याच धिरड्यावर मुले वाढवली. या बाईंची आई त्यांतलीच.

मुलगा हे मराठीत सांगत होता. मग बाईंनी विचारले, "तुमचे यजमान काय करीत?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. तुम्हांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे, माझा संसार भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्याच्या पगारावर झाला. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पण त्या तव्यासमोर शब्द फुटेना. अखेर म्हटले, "खरे ते सांग, बाळ."

त्याने सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझे उरलेले धिरडे निवू नये म्हणून त्यांनी ते सराट्याने तव्याच्या गरम बाजूला सरकवले.