मुलुंडचा नाका कुणासाठी उघडला?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



वेचणी टाकून तुम्ही इथे आलात आणि आम्ही मुंबईची गोष्ट काढतो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. कापूस-ज्वारीच्या बैठकीत मुलुंड कशाला? कारण असे की, शेतमालाच्या वाटेत उभ्या राहणाऱ्या सीमा कुणासाठी असतात, हे मुंबईच्या वेशीवर जितके उघड दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही.

आधी ही वेस समजून घेऊ. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. साष्टीची भातखाचरे, वाड्या, मिठागरे शहराच्या पोटात गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. घाटकोपर, मुलुंड कुर्ला तालुक्यात. नाव तालुक्याचे, पण तिथे आता सातबारावर पिकापेक्षा इमारतीच जास्त.

या हद्दीवर पाच जकात नाके होते. दहिसरला एक, मुलुंडला दोन, शिवाय ऐरोली आणि मानखुर्द. धुळे-नाशिककडून कसारा घाट उतरून आलेला ट्रक ठाणे ओलांडून मुलुंडच्या रांगेत लागायचा. कुठल्या मालाला किती जकात, याचा तक्ता होता. पण रांगेला तक्ता नव्हता. मालाला जकात असो वा नसो, पुढचा ट्रक हलेपर्यंत मागच्याने थांबायचे. भारताच्या संविधानात ३०१ वे कलम आहे. देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल, असे ते सांगते. मुलुंडच्या रांगेतल्या ड्रायव्हरला हे कलम कुणी वाचून दाखवले नाही.

या रांगेचा खर्च कोण भरत होते? ट्रकवाला भाड्यात धरतो, व्यापारी दरात धरतो. गिऱ्हाइकावर टाकता येईल तेवढा टाकतो, उरलेला मागे ढकलतो. मागे ढकलता ढकलता तो शेताच्या बांधावर येऊन थांबतो, कारण आपल्या मागे कुणी नाही. साबण कारखान्यातून भाव छापून निघतो. कापूस भाव विचारत निघतो.

सीमेचा अनुभव आपल्याला नवा नाही. साठीच्या दशकात ज्वारीची एकाधिकार खरेदी आणि जिल्हाबंदी झाली. घरची ज्वारी लेकीच्या सासरी पोचवायची तरी चोरी ठरायची. १९७१ च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आली. त्यानंतर वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला आदिलाबादचा बाजार दिसत होता, रावेरच्या शेतकऱ्याला बऱ्हाणपूरचा, शहाद्याच्या शेतकऱ्याला खेतियाचा. पलीकडे भाव बरा असला तरी आपलाच कापूस नेणारा गुन्हेगार! २००२ साली खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळेपर्यंत हे असे चालले. चुकाऱ्यासाठी किती हेलपाटे घातले, हे इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा.

मग १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आम्हाला आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. जकात बसवण्याचा अधिकारच घटनादुरुस्तीने राज्यांच्या यादीतून काढला गेला. महापालिकेचे बुडालेले उत्पन्न राज्य सरकार भरून देते. शहराचे नुकसान झाले तर भरपाई कायद्यात लिहिलेली असते, हे ध्यानात ठेवा. ज्वारीबंदीत आणि कापूसबंदीत आपले जे बुडाले, त्याची भरपाई कुठल्या कायद्यात आहे?

जकात गेली, टोल राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना टोल माफ झाला. मोटारवाल्याची सुटका झाली, याबद्दल आमची तक्रार नाही. पण अवजड मालट्रकला माफी नाही. शिवाय त्याने शहरात कोणत्या वेळी शिरायचे, तेही शहर ठरवते. ट्रकच्या रांगेत कुणाचे मत नसते, मोटारींच्या रांगेत पुष्कळ असतात.

आता मुलुंडवरून नजर उचलून बंदराकडे पाहा. ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. आपला माल बाहेर जाऊ लागला की नाका बंद. ओरड झाल्यावर ती मागे घेतली, पण मधल्या दिवसांत ज्याने विकला त्याचे गेले ते गेलेच. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी परक्या कापसाला नाका उघडा. त्याच हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला होता. बाजारात तुम्हाला काय मिळाले, ते तुम्हीच सांगा.

आम्हाला नाके बंद नकोत. परदेशचा कापूस येतो तर येऊ द्या, पण आपला जायची वाटही बारा महिने उघडी ठेवा. भाव पडला की दार लोटायचे आणि चढला की कडी लावायची, हा खेळ थांबला पाहिजे. पेरणीआधी धोरण सांगा आणि हंगाम संपेपर्यंत ते बदलू नका, एवढे तरी मागणे रास्त आहे.

त्यासाठी एक काम करायचे आहे. या हंगामात विकलेल्या प्रत्येक गाडीची पट्टी जपून ठेवा. हमाली, तोलाई, भाडे, टोल, कपात, सगळे वहीत लिहा. विक्रीची तारीखही लिहा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने अशा निदान दहा वह्या आणाव्यात. सरकारकडे आकडे पुष्कळ आहेत, पण आपल्या घरातून किती गेले हा आकडा आपल्यालाच मांडावा लागेल.